सारा एरानी : सर्व्हिस कायम कमजोर, तरीही वीस वर्षांहून मोठं करिअर

तांबडी_माती

यानिक सिनर हा इटालियन स्टार आल्यापासून इटालियन टेनिसबद्दल आपल्याकडे भरभरून बोललं जातं, चांगलंच आहे, पण सारा एरानीबद्दल मराठीत कुठे सलग वाचल्याचं आठवत नाही म्हणून हा धागा काढतोय. जरा लांबेल.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. एरानीला लोक दोन प्रकारे ओळखतात, एक म्हणजे "ती हळू सर्व्हिसवाली" आणि दुसरं "सिंगल्स जमेना म्हणून डबल्सकडे वळलेली". पहिलं खरं आहे, दुसरं साफ चुकीचं. आणि पहिलं खरं असूनही हे करिअर झालं कसं, हाच खरा अभ्यासाचा विषय आहे.

जन्म 29 एप्रिल 1987, बोलोन्या. वाढली रावेन्ना जिल्ह्यातल्या मास्सा लोम्बार्दा या छोट्या गावात. वडिलांचा फळं-भाजीपाल्याचा धंदा, आई फार्मासिस्ट. बाराव्या वर्षी पोरगी अमेरिकेत फ्लोरिडाला बोलेटिएरीच्या अकॅडमीत गेली, आणि मग तिथून स्पेनला. व्हॅलेन्सियात पाब्लो लोझानो कोच म्हणून मिळाला आणि तिचा गेम तिथे घडला. म्हणजे पासपोर्ट इटलीचा पण पायांची चाल, मातीवरचं घसरणं, हेवी टॉपस्पिन, दमछाक करणाऱ्या रॅलीज, सगळं स्पॅनिश वळणाचं. उंची 164 सेंटीमीटर. ज्या काळात शारापोवा, क्विटोवा, सेरेना यांच्या सर्व्हिसचा तडाखा चालू होता त्या काळात ही बाई ताशी 120 किलोमीटरच्या आसपास पहिली सर्व्ह टाकायची, दुसरी त्याहून हळू, आणि समोरची बेसलाईनच्या दोन पावलं आत येऊन वाट बघत उभी असायची.

2008 मध्ये पालेर्मो आणि पोर्तोरोज अशी दोन टायटल्स जिंकली आणि मग बराच काळ तिशी-चाळिशीच्या रँकिंगमध्ये अडकली. बऱ्याच जणींचं करिअर इथेच संपतं, कोणी नावही काढत नाही. 2011 च्या शेवटी तिने रॅकेट बदललं, नेहमीपेक्षा थोडं लांब घेतलं, आणि 2012 साल उगवलं ते वेगळंच. जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपनची सिंगल्स क्वार्टरफायनल आणि डबल्सची फायनल. मग आकापुल्को, बार्सिलोना, बुडापेस्ट, सगळी मातीवरची टायटल्स. आणि मग पॅरिस, म्हणजे फ्रेंच ओपन (तिलाच रोलाँ गॅरोस म्हणतात).

पॅरिसचे ते दोन आठवडे नीट बघा. तिसऱ्या राउंडला आना इवानोविच, म्हणजे 2008 ची चॅम्पियन, पहिला सेट 1-6 गेला आणि तिथून मॅच फिरवली. चौथ्या राउंडला स्वेतलाना कुझनेत्सोवा, 2009 ची चॅम्पियन, तिला पहिल्या सेटमध्ये 6-0. मग केर्बर. सेमीफायनलला सॅम स्टोसर, जी तेव्हा यूएस ओपनची चालू चॅम्पियन होती, 7-5, 1-6, 6-3. शुक्रवारी रोबेर्ता व्हिंचीबरोबर डबल्सची फायनल जिंकली, पहिला सेट हरून, आणि शनिवारी सिंगल्सच्या फायनलला शारापोवासमोर उभी राहिली. हरली, 3-6, 2-6, शारापोवाचं करिअर स्लॅम (चारही ग्रँड स्लॅम स्पर्धा जिंकणं) त्या दिवशी पूर्ण झालं म्हणून जगभर बातमी तिचीच झाली आणि ते रास्तच होतं. पण एकाच ग्रँड स्लॅममध्ये डबल्सचा कप आणि सिंगल्सची फायनल, तेही त्या सर्व्हिसवर! सिंगल्समध्ये मे 2013 ला ती जगात 5 नंबरला पोचली, डबल्समध्ये सप्टेंबर 2012 लाच 1 नंबरला होती. दोन्ही एकाच वेळी चालू होतं, म्हणून म्हणतो की डबल्स हा तिचा आडोसा कधीच नव्हता.

पुढचं प्रतिसादांत लिहितो, तुम्हीही भर घाला.

निमिष_डोंबिवली

मस्त धागा. पण त्या पॅरिसनंतर तीनच आठवड्यांनी काय झालं ते तुम्ही लिहिलं नाहीत म्हणून मी लिहितो. विम्बल्डन 2012, तिसरा राउंड, समोर कझाकस्तानची यारोस्लावा श्वेडोवा, वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांच्या खास प्रवेशावर आलेली. एरानी दहावी सीड, ताजी ताजी फ्रेंच ओपन फायनलिस्ट. पहिला सेट 6-0 गेला, ठीक आहे, जातो कधीकधी, पण त्या सेटमध्ये एरानीला एकसुद्धा पॉइंट मिळाला नाही. चोवीस पॉइंट्स, चोवीसही श्वेडोवाचे. ओपन एरामध्ये बायकांच्या ग्रँड स्लॅम मॅचला असा गोल्डन सेट तोवर कधीच झाला नव्हता.

मला त्या सेटपेक्षा दुसरा सेट लक्षात राहिलाय. कोणी असती तर गळाठून गेली असती, 6-0 6-0 होऊन मोकळी झाली असती. एरानीने दुसऱ्या सेटमध्ये चार गेम काढले, 6-4 पर्यंत खेचलं. आणि बरोबर दोन वर्षांनी, 2014 ला, त्याच विम्बल्डनच्या गवतावर व्हिंचीबरोबर डबल्सची फायनल 6-1, 6-3 अशी जिंकून करिअर स्लॅम पूर्ण केलं. ज्या गवतावर एक पॉइंट मिळेना तिथेच.

चंदूकाका

+१. वाचतोय.

रसिका_जे

मी लहान मुलामुलींना टेनिस शिकवते, त्यामुळे एरानी हा माझ्यासाठी रोजचा विषय आहे, बुटक्या पोरींच्या आया येऊन विचारतात की उंची नाही तर पुढे काही होईल का हिचं.

तिची सर्व्हिस नुसती हळू होती असं नाही. 2012-13 ला ती सर्व्हिस हळू पण विचारपूर्वक होती. पहिल्या सर्व्हचं टक्केवारीचं प्रमाण खूप वर ठेवायची, वेग सोडून द्यायची, स्पिन आणि जागा यावर खेळायची, अंगावर टाकायची म्हणजे समोरचीला हात मोकळा करता येऊ नये. तिचा हिशोब असा की सर्व्हिसवर पॉइंट जिंकायचाच नाहीये, फक्त पॉइंट सुरू करायचाय, आणि एकदा रॅली चालू झाली की मग माझ्याकडे ड्रॉपशॉट आहे, लॉब आहे, फोरहँडचा तो उंच उसळणारा बॉल आहे, आणि पाय आहेत. आणि हे चालायचं कारण रिटर्न. समोरचीची सर्व्हिस तोडण्यात (ब्रेक करण्यात, म्हणजे तिच्या सर्व्हिसचा गेम जिंकण्यात) ती टूरवर कायम वरच्या नंबरांत असायची. तुमची सर्व्हिस तीनदा ब्रेक झाली आणि तुम्ही चारदा ब्रेक केलात तर सेट तुमचाच. एवढं साधं गणित आहे पण ते जगायला छाती लागते कारण प्रत्येक सेटमध्ये तीनदा ब्रेक होणं मनाला सहन व्हावं लागतं.

नंतर नंतर मात्र प्रकरण हाताबाहेर गेलं. हात बसेना, टॉस (सर्व्हसाठी वर फेकायचा बॉल) उडवायची, पकडायची, परत उडवायची, परत पकडायची. डबल फॉल्टच्या रांगा लागायच्या. ज्यांनी कधी कोर्टवर उभं राहून सर्व्ह केलीय त्यांना ते बघवणार नाही. मनगटाला माहीत असलेली गोष्ट मनगट विसरतं, आणि हजार लोकांसमोर विसरतं. मग तिने अंडरआर्म सर्व्ह सुरू केली. ट्रिक म्हणून नाही, गरज म्हणून. आणि लाज वाटून घेतली नाही. याबद्दल मला तिचं फार कौतुक आहे.

सडेतोड

सगळं कौतुक वाचलं. आता दुसरी बाजू.

एक, 2012 चा फ्रेंचचा ड्रॉ उघडलेला होता. सेरेना पहिल्याच राउंडला गेली, अझारेन्का चौथ्याला गेली, राडवान्स्का तिसऱ्याला गेली. दोन, सेरेनासमोर आली की काय व्हायचं? 2012 यूएस ओपन सेमी 6-1, 6-2. 2013 फ्रेंच ओपन सेमी 6-0, 6-1, पाऊण तासात खेळ खलास. 5 नंबरची खेळाडू अशी हरते? तीन, आणि हे कोणीच काढलं नाही अजून, 2017 ची डोपिंगची केस. लेट्रोझोल सापडलं होतं. दहा महिने बॅन झाला. हे न लिहिता करिअरचा धागा कसा पूर्ण होणार?

तांबडी_माती

सडेतोड, तिसऱ्यावर लिहिणारच होतो, पण आधी पहिली दोन.

ड्रॉ उघडला हे खरं, पण उघडलेल्या ड्रॉमधून चालत कोण गेलं? राडवान्स्का गेली ती कुझनेत्सोवाकडून, आणि त्या कुझनेत्सोवाला एरानीने घरी पाठवलं. रोलाँ गॅरोसच्या दोन माजी चॅम्पियन्स आणि यूएस ओपनची चालू चॅम्पियन यांना हरवून आलेल्या फायनलिस्टला नशीबवान म्हणायचं तर मग नशीब या शब्दाला काही अर्थ राहत नाही. सेरेनाबद्दल बोलायचं तर त्या काळात सेरेनासमोर कोणाचं चालत होतं? 2013 च्या त्या सेमीफायनलला सेरेना ज्या तोऱ्यात खेळली त्यात कोणीही असतं तरी तेच झालं असतं. त्याच स्पर्धेत क्वार्टरफायनलला एरानीने राडवान्स्काला सरळ सेटमध्ये हरवलं होतं हे पण लिहा की.

आणि 2014 च्या यूएस ओपनची व्हीनसविरुद्धची मॅच मिळाली तर जरूर बघा. 6-0, 0-6, आणि तिसरा सेट टायब्रेक. व्हीनस, न्यूयॉर्क, अख्खं स्टेडियम व्हीनसच्या बाजूने, आणि ही पठ्ठी तिसऱ्या सेटमध्ये मागून येऊन टायब्रेक 7-5 काढते.

डोपिंगबद्दल : फेब्रुवारी 2017 मध्ये स्पर्धेबाहेर घेतलेल्या सॅम्पलमध्ये लेट्रोझोल सापडलं. हे ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशंटना देतात ते औषध. तिची आई ते औषध घेत होती आणि गोळ्या स्वयंपाकघरात असायच्या. घरच्या जेवणातून ते पोटात गेलं असं तिचं म्हणणं, आणि ते आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) ट्रायब्युनलने मान्य केलं, ऑगस्ट 2017 ला दोन महिन्यांचा बॅन दिला. त्यावर इटलीच्याच अँटी-डोपिंग संस्थेने क्रीडा लवादाकडे अपील केलं, तिनेही केलं, आणि निकाल यायला 2018 चा जून उजाडला. बॅन वाढून दहा महिने झाला. म्हणजे दोन महिने भोगून परत खेळायला लागलेल्या माणसाला परत बाहेर बसवलं, थेट फेब्रुवारी 2019 पर्यंत.

बोलोन्याची_मुक्ता

मी शिकायला आले ती इथेच राहिले, बोलोन्यात. जेवणाचा विषय निघाला म्हणून लिहिते, कारण ते औषध आईने केलेल्या तोर्तेलिनीतून (सारण भरलेला पास्ता) पोटात गेलं असणार असं तेव्हा म्हटलं गेलं, आणि बाहेरच्या लोकांनी त्यावरून फार चेष्टा केली होती.

या भागात तोर्तेलिनी किंवा कापेलेत्ती म्हणजे विकतचं पाकीट उघडून उकळलं असा प्रकार नसतो, निदान आयांच्या घरात तरी. ओट्यावर किंवा लाकडी फळीवर मोठी पोळी लाटतात, तिचे बारके चौकोन कापतात, त्यात चीज नाहीतर मांसाचं सारण भरून बोटावर वळतात, आणि मग ते मांसाच्या रश्शात सोडून त्या रश्शासकट वाढतात. सगळं काम त्या एका पृष्ठभागावर होतं. त्याच ओट्यावर औषधाची पाकिटं असतील आणि एखादी गोळी निसटून पडली तर ती सारणात किंवा रश्शात जाणं हे अजिबात अशक्य कोटीतलं नाही. सुनावणीतही गोळी निसटून पडल्याचा विषय आलाच होता.

आणि एक विचार करा, आपल्या आईचा कॅन्सर, तो घरातल्यांनाच माहीत असलेला, तो स्वतःचं नाव साफ करण्यासाठी जगासमोर उघडा करावा लागणं. इथल्या पेपरांत ते पानभर छापून यायचं. माझ्या मते त्या वर्षात तिने सर्वात जास्त किंमत मोजली ती त्याची, रँकिंगची नाही.

सडेतोड

मुक्ता, हे मला माहीत नव्हतं, लिहिल्याबद्दल धन्यवाद. तरी माझं मत आहे की नियम सगळ्यांना सारखा, खेळाडू स्वतःच्या शरीरात काय जातं त्याला जबाबदार आहे आणि लवादानेही तेच म्हटलं. मात्र "डोपिंग करून जिंकली" असं मीही म्हणत नाहीये, कारण 2012-14 चं सगळं त्याच्या कितीतरी आधीचं आहे.

निमिष_डोंबिवली

2020 ची फ्रेंच ओपन कोणी पाहिली होती का? ती सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झाली होती ना, थंडीत, मोजके प्रेक्षक. दुसरा राउंड, किकी बर्टेन्स विरुद्ध एरानी. एरानी क्वालिफायर, म्हणजे पात्रता फेरी खेळून आलेली. 6-7, 6-3, 7-9. तीन तासांच्या वर. टॉस पकडणं, टाइम व्हायोलेशन, अंडरआर्म, डबल फॉल्ट, सगळं त्या एका मॅचमध्ये. आणि एवढं होऊन एरानीला मॅच पॉइंट होता! बर्टेन्सला क्रॅम्प आले, शेवटी व्हीलचेअरवरून नेलं तिला. एरानी भयंकर भडकली होती, तिला वाटलं की समोरची जास्तीचं नाटक करतेय.

रसिका_जे

हो पाहिली. रागावणं मला पटलं नाही, समोरच्याच्या दुखण्यावर शंका घेऊ नये. पण त्या मॅचमधून एक दिसतं ते असं की जिची सर्व्हिस पार मोडली होती ती टॉप टेनच्या खेळाडूला मॅच पॉइंटपर्यंत घेऊन गेली होती. तेव्हा ती 33 ची होती. दोन-तीन वर्षं छोट्या छोट्या स्पर्धा खेळून, क्वालिफायिंगच्या रांगेत उभं राहून परत आली होती. जी बाई 5 नंबरला होती तिला पोरांच्या बरोबरीने रिकाम्या कोर्टवर खेळावं लागतं तेव्हा अहंकार कुठे ठेवायचा? आणि 2023 ला, पस्तिशी गाठल्यावर, परत टॉप 100 मध्ये. मला विचाराल तर 2012 पेक्षा हे अवघड.

चंदूकाका

आमच्या पिढीला इटालियन टेनिस म्हणजे आद्रियानो पानाट्टा. 1976 साली रोम, रोलाँ गॅरोस आणि वर्षाच्या शेवटी सांतियागोला डेव्हिस कप, एका वर्षात तिन्ही. त्यानंतर पुरुषांत बरीच वर्षं शुकशुकाट होता. मध्ये इटलीचं टेनिस बायकांनी चालवलं, हे सिनरच्या गर्दीत विसरायला नको. 2010 ला स्कियावोनेने फ्रेंच जिंकली, 2015 ला यूएस ओपनची फायनलच दोन इटालियन मैत्रिणींत झाली, पेनेत्ता आणि व्हिंची, दोघी एकाच भागातल्या, लहानपणापासून एकत्र वाढलेल्या. फेड कप (बायकांची देशांची स्पर्धा, आताचा बिली जीन किंग कप) 2006, 2009, 2010, 2013. एरानी त्या चौघींतली सगळ्यात धाकटी. बाकी तिघी रिटायर झाल्या, ही 2025 ला सुद्धा पुढच्या पिढीच्या टीममध्ये होती.

ऑलिम्पिकचं पण सांगतो. इटलीला टेनिसमध्ये पहिलं पदक 1924 ला मिळालं होतं, पॅरिसला, उबेर्तो द मोर्पुर्गोचं ब्राँझ. त्यानंतर शंभर वर्षं काही नाही. 2024 ला परत पॅरिसलाच, 3 ऑगस्टला मुसेत्तीने पुरुष सिंगल्समध्ये ब्राँझ जिंकलं आणि दुसऱ्या दिवशी बायकांच्या डबल्समध्ये एरानी आणि जास्मिन पाओलिनीचं गोल्ड. टेनिसमधलं इटलीचं पहिलंच गोल्ड.

तांबडी_माती

काका, क्या बात! त्या फायनलबद्दल लिहायचंच होतं.

एरानीचं ते पाचवं ऑलिम्पिक. वय 37. समोर मिरा आंद्रेयेवा आणि डायना श्नायडर. आंद्रेयेवाचा जन्म 29 एप्रिल 2007, आणि एरानीचा 29 एप्रिल 1987. तोच दिवस, वीस वर्षांचं अंतर. पहिला सेट 2-6 गेला. त्या पोरी जोरात मारत होत्या आणि पाओलिनीसुद्धा जरा हडबडल्यासारखी वाटत होती. दुसऱ्या सेटपासून एरानीने मॅचचा वेग खाली आणला. उंच लॉब, परत लॉब, मधोमध हळू बॉल, मग अचानक नेटवर आडवी. समोरच्यांना ताल सापडू द्यायचा नाही. सेट 6-1. मग दहा पॉइंटचा मॅच टायब्रेक, 10-7. चारही ग्रँड स्लॅमचे डबल्स तिच्याकडे 2014 पासून होतेच, त्यात ऑलिम्पिक सुवर्ण, म्हणजे करिअर गोल्डन स्लॅम झालं. दहा वर्षं तो एक रकाना रिकामा होता.

श्रुती_पार्लेकर

व्हिंची आणि एरानी वेगळ्या का झाल्या? एवढी जोडी!

तांबडी_माती

2015 च्या सुरुवातीला वेगळ्या झाल्या, पाच ग्रँड स्लॅम एकत्र जिंकून. फ्रेंच आणि यूएस 2012, ऑस्ट्रेलियन 2013 आणि 2014, विम्बल्डन 2014. त्यातल्या 2013 च्या मेलबर्न फायनलला समोर सोळा वर्षांची ॲश बार्टी होती केसी डेलाक्वाबरोबर, घरच्या प्रेक्षकांसमोर. वेगळं होण्यामागचं दोघींचं खाजगी कारण काय ते त्यांचं त्यांना ठाऊक, त्यावर चर्चा नको. 2016 च्या रिओ ऑलिम्पिकला परत एकत्र खेळल्या.

खेळ म्हणून बघितलं तर ती जोडी अजब होती. व्हिंचीचा स्लाइस बॅकहँड, बॉल जमिनीलगत सरपटत जायचा, आणि एरानीचा टॉपस्पिन खांद्यापर्यंत उसळायचा. समोरच्या जोडीला एक बॉल घोट्याजवळ आणि पुढचा कानाजवळ. दोघींत एकही मोठी सर्व्हिस नाही, एकही हाणामारीचा फोरहँड नाही, आणि जगात 1 नंबर.

श्रुती_पार्लेकर

धन्यवाद. मला मिक्स्ड डबल्सबद्दल लिहायचंय. तिचा तिथला पार्टनर आंद्रेआ वावासोरी आपल्याकडे अनेकांना माहीत आहे कारण 2024 च्या ऑस्ट्रेलियन ओपनला बोपण्णा-एब्डेनने फायनलमध्ये हरवलं ते बोलेल्ली-वावासोरी जोडीलाच. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एरानी-वावासोरीने यूएस ओपन मिक्स्ड जिंकलं.

आणि मग 2025 ला यूएस ओपनने मिक्स्डचा फॉरमॅटच बदलला. मुख्य स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात दोन दिवसांत उरकायचं, फक्त सोळा जोड्या, त्यातही बहुतेक सिंगल्सचे स्टार्स, फायनल सोडून बाकी मॅचला चार गेमचा सेट, बक्षीस दहा लाख डॉलर्स. जे आयुष्यभर डबल्स खेळतात त्यांना जागाच नाही. एरानी आणि वावासोरीने तेव्हाच उघडपणे सांगितलं होतं की हा डबल्सवाल्यांवर अन्याय आहे. चालू चॅम्पियन म्हणून त्यांना वाइल्ड कार्ड मिळालं. आणि मग काय, आले, पहिल्याच मॅचला रिबाकिना-फ्रिट्झला हरवलं, आणि फायनलला श्वियाँतेक-रूड, 6-3, 5-7, 10-6. दहा लाख डॉलर्स डबल्सवाल्यांच्या घरात! त्यांनी तो विजय बाकीच्या डबल्स खेळाडूंना अर्पण केला तेव्हा मला भरून आलं होतं.

सडेतोड

मिक्स्ड म्हणजे टाइमपास हो. स्टार लोक दोन दिवस मजा करायला येतात, सराव नाही, ताळमेळ नाही. त्यांना हरवलं त्यात काय मोठं?

रसिका_जे

सडेतोड, सराव नाही म्हणूनच हरले, हाच तर मुद्दा आहे ना. डबल्स हे वेगळं कसब आहे. श्वियाँतेकसारखी बेसलाईनवरून जगाला पाणी पाजणारी खेळाडू, तिला मधला बॉल कोणी घ्यायचा, पार्टनर क्रॉस झाला की आपण कुठे सरकायचं, रिटर्न नेटवाल्याच्या पायाशी कसा टाकायचा, हे सगळं त्या क्षणी विचार करून ठरवावं लागतं. एरानीला ठरवावं लागत नाही, तिचे पाय आधीच निघालेले असतात. पुढच्या वेळी मॅच बघाल तेव्हा बॉलकडे बघू नका, फक्त एरानीकडे बघा. पार्टनर सर्व्ह करत असताना ती नेटजवळ जवळजवळ बसल्यासारखी वाकलेली असते, आणि समोरचीची रॅकेट मागे जाते तेव्हा ही हलते. आधी हललं तर समोरची बघून बॉल फिरवेल, उशीर झाला तर बॉल निघून जाईल. तो जो पाव सेकंद आहे तो शिकवता येत नाही, मी वर्षानुवर्षं प्रयत्न करतेय मुलांवर.

आणि तिची स्वतःची सर्व्हिस असते तेव्हा काय होतं ते बघा. अंडरआर्म असो वा हळू कट, समोरचीला मोठा मोह होतो की आता मारून टाकू. पण नेटवर पाओलिनी किंवा वावासोरी उभा आहे, आणि मारायला गेलं की बॉल उंच निघतो. सिंगल्समध्ये जी सर्व्हिस तिच्या जिवावर उठली होती ती डबल्समध्ये चालून जाते ती यामुळे, अर्धं काम पार्टनर करतो. तांबडी_माती, तुमच्या पहिल्या पोस्टमधल्या "हे करिअर झालं कसं" या प्रश्नाचं निदान अर्धं उत्तर मला यात दिसतं.

तांबडी_माती

अगदी. उरलेल्या अर्ध्यात मी तिचा स्वभाव धरतो. पाओलिनीचंच बघा, नऊ वर्षांनी लहान, उंची जवळजवळ तीच, 163. 2023 पर्यंत पाओलिनी ही चांगली पण बुजरी खेळाडू होती. एरानीबरोबर डबल्स खेळायला लागली आणि 2024 ला फ्रेंच आणि विम्बल्डन दोन्ही सिंगल्स फायनल खेळली. सगळं श्रेय एरानीला देणार नाही, पाओलिनीचा कोच होता, तिची स्वतःची मेहनत होती, पण तुझ्याएवढीच उंची घेऊन मी 5 नंबरला गेले होते हे सांगणारं माणूस रोज शेजारी उभं असणं याची किंमत मोठी आहे.

2025 चा तो पॅरिसचा आठवडा. गुरुवारी वावासोरीबरोबर मिक्स्डची फायनल, रविवारी पाओलिनीबरोबर डबल्सची फायनल, दोन्ही जिंकल्या. 2012 ला व्हिंचीबरोबर याच ठिकाणी पहिला ग्रँड स्लॅम, तेरा वर्षांनी परत तिथेच. आणि त्याच वर्षी तिने सिंगल्स थांबवलं.

बोलोन्याची_मुक्ता

मला 2014 ची रोमची फायनल विसरता येत नाही. घरचं मैदान, फोरो इतालिको खच्चून भरलेलं, क्वार्टरला ली ना ला हरवून आली होती, सेमीला यान्कोविचला. फायनलला परत सेरेना. आणि मांडी दुखावली. 3-6, 0-6. रडत होती पण सोडून गेली नाही, शेवटच्या पॉइंटपर्यंत खेळली. लोक उभे राहून तिच्या नावाचा जप करत होते. पण त्याच रोममध्ये 2024 आणि 2025, दोन्ही वर्षी डबल्स जिंकलं पाओलिनीबरोबर. आता इथे लहान क्लबांमध्ये डबल्सचे कोर्ट रिकामे नसतात, निदान माझ्या घराजवळच्या क्लबात तरी.

सडेतोड

बरं, एक सांगा. तिची कुठली एक मॅच बघू? सिंगल्स नको, डबल्सच सांगा, तुमचं म्हणणं एकदा डोळ्यांनी बघतो.

निमिष_डोंबिवली

2024 ची बिली जीन किंग कप सेमीफायनल, मालागा, पोलंडविरुद्ध. सिंगल्स 1-1, निर्णायक डबल्स. एरानी-पाओलिनी विरुद्ध श्वियाँतेक-कावा. पहिला सेट 7-5 इटलीचा. दुसऱ्यात 1-5 मागे. सगळ्यांनी धरलं की तिसरा सेट होणार.

रसिका_जे

निमिषला अनुमोदन. 1-5 पासून पुढचं सलग बघा, मधलं काही पुढे सरकवू नका. लॉब किती मारलेत आणि कोणाच्या डोक्यावरून मारलेत ते मोजा.

तांबडी_माती

आणि स्कोअर आधी बघू नका सडेतोड, तुम्हाला विनंती. बघून झाल्यावर इथे येऊन लिहा, वाट बघतो.